बाण एकीकडे, पंखा दुसरीकडे

"अरे, तळ दिसेना झालाय." भल्या सकाळी काकांचा फोन आला. बाकी काही न विचारता मी हत्यारांची पेटी उचलली.

काका ज्या तलावाची देखभाल करतात तिथे लहान मुलं पोहायला शिकतात. 20 मीटर लांब, 8 मीटर रुंद, सरासरी खोली सव्वा मीटर, म्हणजे 2 लाख लिटर पाणी. खोल बाजूला तळाशी मेन ड्रेनची जाळी आहे. काठावरून ती जाळी स्पष्ट दिसली नाही तर त्या दिवशी तलाव बंद, हे मी काकांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. बुडणारं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही. गुपचूप खाली जातं, आणि दुधी पाण्यात ते वरून दिसतही नाही.

गेलो तर पाणी खरंच दुधी होतं. काकांनी आठवडाभरात जमेल ते सगळं केलं होतं. क्लोरीन वाढवलं, तुरटी सोडली, रोज दोन-दोनदा बॅकवॉश दिला (म्हणजे फिल्टरमधून उलटं पाणी सोडून वाळू धुतली). तरी पाणी दिवसेंदिवस बिघडतच गेलं. कार्यालयातल्यांचं म्हणणं होतं की फिल्टरमधली वाळू संपली, ती बदलून टाका.

वाळू उपसण्याआधी मी पंपरूममध्ये गेलो. माझी पद्धत ठरलेली आहे. पंपाच्या आधीची बाजू पाणी ओढते, नंतरची ढकलते. दोष कुठल्या बाजूला आहे ते कळल्याशिवाय मी एकही नट सैल करत नाही. फिल्टर स्वच्छ असताना त्याच्यावरचा दाबाचा गेज 12 पीएसआय (दाबाचं माप) दाखवायचा, सहा महिन्यांपूर्वीची ती नोंद माझ्याच हातची होती. आता काटा 5 वर होता. पंप बंद केला तर शून्यावर आला, म्हणजे गेज खोटं बोलत नव्हता. (अडकून बसलेल्या काट्यावर विश्वास ठेवून फिल्टर उघडलेले मी पाहिलेत, म्हणून ही खात्री आधी.) वाळू तुंबली असती तर दाब 12 च्या वर चढला असता. 8-10 पीएसआय वाढला की बॅकवॉशची वेळ झाली असं आम्ही धरतो. इथे तर दाब घसरलेला, आणि तलावात परत येणाऱ्या पाण्याची धारही लुळी. दाब कमी आणि धारही कमी म्हटल्यावर वाळूवरचा संशय माझ्यापुरता तिथेच मिटला.

मग ओढणारी बाजू. पाण्याची पातळी स्किमरच्या (वरचं पाणी ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खाचेच्या) तोंडाच्या अर्ध्यावर, व्हॉल्व पूर्ण उघडे, पंपाआधी कचरा अडवणाऱ्या स्ट्रेनरची बास्केट स्वच्छ. पारदर्शक झाकणाखाली पाणी काठोकाठ, एकही बुडबुडा नाही. या बाजूला कुठे फट असेल तर पंप चालू असताना पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणूनच ती फट जमिनीवर ओल शोधून सापडत नाही. झाकणाच्या ओ-रिंगवर आणि सांध्यांवर हळूहळू पाणी ओतत जायचं, जिथे ओतल्यावर बुडबुडे थांबतात तिथे गळती. इथे त्याची गरजच पडली नाही. स्ट्रेनरच्या ड्रेन प्लगच्या जागी व्हॅक्यूम गेज लावला, पंप किती जोराने ओढतो ते तो दाखवतो. पूर्वी पाऱ्याचे 6 इंच दाखवायचा, आता 3. सक्शनच्या पाइपात काही अडकलं असतं तर हा आकडा वाढला असता.

म्हणजे पंप ओढतही कमी होता आणि ढकलतही कमी होता. अडथळा ना आधी, ना नंतर. उरला फक्त पंप.

मेन बंद करून, त्याला कुलूप लावून मी पंप उघडला. इम्पेलरच्या, म्हणजे पाणी फेकणाऱ्या आतल्या चाकाच्या, पात्यांत केसांचा गुंता आणि एक केसाचं रबर निघालं. सापडलं, असं मला अगदी मनापासून वाटलं. सगळं साफ केलं, पंप जोडला, स्ट्रेनर पाण्याने भरून चालू केला. काटा 6 वर गेला आणि तिथेच थांबला. दीड तास गेला होता, आणि खिडकीतून बाहेर मुलांचे आवाज यायला लागले होते.

मी काकांना पुन्हा पहिल्यापासून विचारलं, पाणी बिघडायच्या आधी काय काय झालं? त्यांना वाटलं मी औषधांबद्दल विचारतोय, म्हणून त्यांनी क्लोरीनचा हिशेब सांगितला. मग सहज म्हणाले, "त्याच्या आधी मोटर वाइंडिंग करून आणली ना."

मी पंप पुन्हा बंद करायला लावला आणि मोटरच्या मागच्या जाळीतून पंख्याकडे बघत राहिलो. चालू पंख्याची दिशा डोळ्याला कळत नाही, थांबत आलेल्याची कळते. पंपाच्या अंगावर ओतीव बाण आहे. पंखा त्याच्या बरोबर उलट फिरत थांबला.

मोटर थ्री फेज. बसवताना दोन तारांची अदलाबदल झाली की ती उलटी फिरते, आणि फसवणूक अशी की पंप बंद पडत नाही. इम्पेलर उलटा फिरला तरी पाणी बाहेरच्या बाजूलाच फेकतो. फक्त पात्यांचा बाक चुकीच्या दिशेला असतो, त्यामुळे दाब आणि प्रवाह खूप घटतो. आवाज येतो, पाणी हलतं, सगळ्यांना वाटतं यंत्र चालू आहे. इथे इम्पेलर शाफ्टवर चावीने (खाचेत बसणाऱ्या धातूच्या तुकड्याने) घट्ट बसवलेला होता. आट्यांचा असता तर कदाचित सुटूनच गेला असता, आणि दोष पहिल्या दिवशी कळला असता.

आता आठवडाभराचं कोडं उलगडलं. बॅकवॉशला पाणी खालून इतक्या जोरात यायला हवं की वाळूचा थर उचलला जाईल आणि घाण सुटेल. त्या लुळ्या प्रवाहात थर हलतच नव्हता. काका घाण धुतोय म्हणून व्हॉल्व फिरवत होते आणि घाण जागेवरच राहत होती. तुरटीने गोळा झालेला गाळही गाळला जात नव्हता. त्या माणसाच्या कष्टात काही कमी नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

इलेक्ट्रिशियनने दोन फेज बदलले. पंप चालू केला तसा काटा 12 पार करून 19 वर गेला; साचलेली घाण आता खरी दिसली. पंप बंद करून व्हॉल्व बॅकवॉशवर घेतला (चालू पंपावर ही मूठ फिरवली की आतलं गॅस्केट जातं). बाहेर जाणारं पाणी दाखवणाऱ्या काचेतून आधी मातकट, मग राखाडी पाणी जात राहिलं. काच नितळ झाल्यावर थोडा वेळ व्हॉल्व रिन्सवर (वाळू पुन्हा बसवून पहिलं पाणी बाहेर सोडायला), मग फिल्टरवर. काटा 12.

"मग संध्याकाळची बॅच घेऊ?" कार्यालयातून विचारणा झाली. मी नाही म्हणालो. पंप 6 तासांत 2 लाख लिटर फिरवतो, पण गाळलेलं पाणी न गाळलेल्यात मिसळत राहतं. त्यामुळे एका फेरीत साधारण 63 टक्केच पाणी फिल्टरमधून जातं, दोन फेऱ्यांत 86, तीन फेऱ्यांत 95. शिवाय ओतलेलं क्लोरीन मुलांच्या डोळ्यांना सोसेल एवढं उतरायला हवं होतं. थोडी बोलाचाली झाली. मी वहीत "बंद" लिहून सही केली.

दुसऱ्या दिवशी तळाला बसलेला गाळ व्हॅक्यूमने वेस्टवर, म्हणजे थेट बाहेर, काढून टाकला, फिल्टरमध्ये जाऊ दिला नाही. काकांनी पंपावरचा बाण लाल रंगाने रंगवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा ते खोल बाजूच्या काठावर पालथे पडून पाण्यात डोकावत होते. मान वर न करताच म्हणाले, "जाळीच्या फटी मोजतोय. चौदा आहेत."