दोन शेड उजळ

रविवार, रात्री पावणेअकरा. दादर स्टेशन.

कोकणकन्येला अजून अर्धा तास आहे. बाकड्यावर बसून लिहितेय. मेकअपची ट्रॉली दोन पायांत धरून ठेवलीय, कारण आतल्या ब्रशांची किंमत या फलाटावर फक्त मलाच माहीत आहे.

अंधेरीचा क्लास झाला एकदाचा. रनवे लुक्स, म्हणजे फॅशन शोचा मेकअप, सकाळी दहा ते संध्याकाळी सात. फी म्हणजे कुडाळातल्या माझ्या दोन नवऱ्यांचे पैसे. (नवरीचं अनेकवचन लिहिताना दर वेळी हसू येतं. दोन नवऱ्यांचे पैसे घेऊन बाई मुंबईला गेली, असं कुणी वाचलं तर?) आईला अजून फी सांगितलेली नाही.

बारा जणी होतो. बऱ्याचशा माझ्यासारख्याच, लग्नाच्या सीझनवर जगणाऱ्या. प्रत्येकीला एक मॉडेल दिली. माझी वीस-बावीस वर्षांची, सावळी, तोंडाच्या कोपऱ्यांशी थोडी काळसर. मॅडम म्हणाल्या, आधी तुमच्या पद्धतीनं बेस करून दाखवा. मला वाटलं, हे तर डोळे मिटून जमेल. प्रायमर, फाउंडेशन, कन्सीलर, वर पावडर. सगळ्यांत आधी माझं झालं. मॅडम येऊन मागे उभ्या राहिल्या, मुलीची मान खिडकीच्या उजेडाकडे वळवली आणि मला विचारलं, "ही शेड का घेतलीस?"

उत्तर तोंडावर होतं, पण बाहेर पडेना. दोन शेड उजळ घेतली होती. मुद्दाम नव्हे, सवयीनं. अकरा वर्षांत हात आपोआप त्याच बाटलीकडे जातो. खिडकीपाशी पाहिलं तर मुलगी उजळ झालीच नव्हती, राखाडी झाली होती. चेहरा एकीकडे, मान दुसरीकडे. आमच्याकडे हॉलमधल्या पिवळ्या दिव्यांत हे खपून जातं आणि उरलंसुरलं फोटोग्राफर ब्राइटनेस वाढवून झाकतो. इथे दिवसाच्या उजेडात सगळं उघडं पडलं. मॅडम काही बोलल्या नाहीत. मेकअप पुसायच्या मायसेलर वॉटरची बाटली आणि कापूस माझ्यापुढे ठेवून गेल्या.

मग त्याच मुलीवर पुन्हा. या वेळी दहा मिनिटं नुसता मॉइश्चरायझरचा मसाज. डोळ्यांखालचं निळसर काळेपण मारायला नारिंगी करेक्टर, तोही नखाएवढा, बोटानं थोपटून. कन्सीलर फक्त तोंडाच्या कोपऱ्यांना. पावडर नाकाच्या बाजूंना, बाकी कुठेच नाही. गालाच्या हाडावर थोडी चमक. बस. फाउंडेशन नाही! माझा हात तीन वेळा त्या बाटलीपर्यंत जाऊन मागे आला. दिवसभरात सगळ्यांत अवघड हेच गेलं, काही न लावणं.

दुपारी बरोबर उलटं. जानेवारी २०२४ मध्ये पॅरिसला, पाँ अलेक्सांद्र त्रुआ या पुलाखाली मेझाँ मार्जेला या फॅशन हाउसचा शो झाला होता, डिझायनर जॉन गॅलियानोचा. त्यातल्या मुलींचे चेहरे चिनीमातीच्या बाहुल्यांसारखे, काचेसारखे लखलखत होते. तो मेकअप पॅट मॅग्राथ या मेकअप आर्टिस्टचा. आठवडाभर जगभरच्या मेकअपवाल्या तो कसा केला असेल यावर डोकं खाजवत होत्या. मग तिनं स्वतःच सांगितलं: सोलून काढायचे फेस मास्क डिस्टिल्ड वॉटरमध्ये पातळ करून एअरब्रशनं थरावर थर मारायचे आणि ड्रायरनं वाळवायचे. मॅडमनी आम्हाला मनगटावर दोन थर करून दाखवले. वाळल्यावर कातडी ताणल्यासारखी वाटते. माझ्या मनगटावर त्याचा एक तुकडा अजून चिकटलेला आहे, खरवडून काढायला जीव होत नाही. मेच्या लग्नात हे कुणाच्या तोंडावर मारलं तर सप्तपदीपर्यंत पापुद्रे निघतील, पण पाहिलं त्याचा आनंद झाला.

शेवटी ग्राफिक लायनर, म्हणजे डोळ्यांवर रेघांची नक्षी. मॅडमनी कागदावरच्या फेस चार्टवर एक डोळा काढला आणि वीस मिनिटं दिली. बाराही मुलींवर तोच डोळा हुबेहूब दिसायला हवा. बॅकस्टेजला असंच चालतं म्हणे: मुख्य आर्टिस्ट एकीवर करून दाखवते, बाकीच्यांनी तंतोतंत तेच करायचं, स्वतःची अक्कल चालवायची नाही. मॅडमनी एक युक्ती सांगितली. एक डोळा पुरा करून दुसऱ्याकडे जाऊ नका. इकडे एक रेघ, तिकडे एक रेघ, असं दोन्ही बरोबर वाढवत न्या.

ते ऐकलं आणि बाबा आठवले. बाबा दशावतारात राजपार्टी होते, म्हणजे राजाची कामं करायचे. दशावतारी स्वतःचं तोंड स्वतःच रंगवतो, त्याला मेकअपमन नसतो. देवळामागे पेटाऱ्यावर आरसा टेकवून ते बसायचे आणि दोन्ही भुवया अशाच आलटूनपालटून, थोड्या थोड्या वाढवायचे. मी मध्येच बोलले तर डोळे न वळवता हाताने गप्प बसवायचे. माझे दोन्ही डोळे आज जुळले. मॅडमनी विचारलं, आधी कुठे शिकलीस? मी म्हटलं, घरीच.

सकाळच्या त्या मुलीचा फोटो मघाशी आईला पाठवला. लगेच फोन आला. "ह्या काय गो? तेल चोपडल्यासारख्या दिसता." आणि मग, "पण पोरगी बरी आसा."

शुक्रवारी ओरोसच्या मुलीचं लग्न आहे. ट्रायलला मी तिला तीच दोन शेड उजळ लावली होती आणि ती खूश होऊन गेली होती. आता तिला मेसेज केला, उद्या सकाळी खळ्यात उभी राहून, फिल्टर न लावता एक फोटो काढून पाठव. तिचा थम्ब्सअप आला. पाठोपाठ, "ताई, पण ट्रायलसारखीच गोरी करशील ना?"

टाइप केलं, खोडलं. परत टाइप केलं. गाडीची अनाउन्समेंट झाली. ट्रॉली उचलायची आहे, पनवेल गेल्यावर बघते.