मी न नाकारलेली ऑफर

ऑनलाइन गेममध्ये मी पहिल्यांदा फसले ती एका तलवारीपायी. गेम जुना, ट्रेडची खिडकी साधी. दोघांनी आपापली वस्तू ठेवायची, दोघांनी ‘मान्य’ दाबायचं, झालं. समोरच्याने ठरलेली तलवार ठेवली, मग ‘थांब, थोडं सोनं घालायचं राहिलं’ म्हणून सगळं उचललं आणि पुन्हा ठेवलं. पुन्हा ठेवलेली तलवार वेगळी होती. चित्र जवळजवळ तेच, ताकद निम्मीसुद्धा नाही. मी नावावर बोट नेऊन बघितलंच नाही, कारण एकदा बघून झालं होतं. या प्रकाराला खेळाडू ‘क्विक स्विच’ म्हणतात, हे मला नंतर कळलं. रुनस्केपसारख्या गेममध्ये ट्रेड पक्का होण्याआधी दुसरा पडदा येतो आणि काय देताय, काय घेताय ते पुन्हा वाचायला लावतो. तो दुसरा पडदा कशासाठी असतो, हे मी त्या तलवारीमुळे शिकले.

त्यानंतर बरीच वर्षं मी कुणाशीच ट्रेड केला नाही. २०२२ मध्ये पुन्हा केला तो काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या गेममधल्या स्किनसाठी, म्हणजे बंदुकीवर चढवायच्या रंगीत रूपासाठी. आमच्या टीममधला सगळ्यात जुना खेळाडू, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, त्याच्याकडे एडब्ल्यूपी असिमोव होती, म्हणजे एडब्ल्यूपी या स्नायपर रायफलची ‘असिमोव’ नावाची स्किन. पांढरी, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांची. ती बघितल्यापासून मला तीच हवी होती. माझ्याकडे एवढं मोठं काही नव्हतं, पण खेळता खेळता जमलेली सहा मधल्या किमतीची स्किन्स होती. सहा देऊन एक घ्यायची, असं ठरवलं.

दादाने सांगितलेलं पहिलं काम अगदीच कंटाळवाणं होतं : फोनवर स्टीमचं मोबाइल ऑथेंटिकेटर चालू कर आणि आठवडाभर काही करू नकोस. (स्टीम म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीचा गेमिंग प्लॅटफॉर्म, हे ट्रेड तिथेच होतात; ऑथेंटिकेटर म्हणजे लॉगिन आणि ट्रेड फोनवरून पक्के करायची सोय.) ऑथेंटिकेटर लागून सात दिवस झाले नसतील, तर ट्रेडमधल्या वस्तू १५ दिवसांपर्यंत अडकून राहतात. हा नियम मला आधी छळ वाटला. मग त्यामागचं कारण वाचलं. डिसेंबर २०१५ मध्ये व्हॉल्व्हने स्वतःच जाहीर केलं होतं की, दर महिन्याला सुमारे ७७,००० स्टीम खाती बळकावून लुटली जातात. चोर खात्यात शिरला की काही मिनिटांत सगळी इन्व्हेंटरी, म्हणजे खात्यातल्या वस्तू, इकडून तिकडे फिरवून मोकळा होतो. वस्तू अडवून ठेवली, तर मालकाला जाग यायला वेळ मिळतो. हे समजल्यावर ते सात दिवस मी मुकाट्याने काढले.

त्या सात दिवसांत किमतीचा अभ्यास केला, आणि मला यातच सगळ्यात जास्त मजा आली. काउंटर-स्ट्राइकच्या प्रत्येक स्किनला फ्लोट नावाचा आकडा असतो, शून्य ते एकच्या मधला. ती किती झिजलेली दिसते ते हा आकडा सांगतो. ०.०७ पर्यंत फॅक्टरी न्यू, ०.१५ पर्यंत मिनिमल वेअर, ०.३८ पर्यंत फील्ड-टेस्टेड, ०.४५ पर्यंत वेल-वॉर्न आणि त्यापुढे बॅटल-स्कार्ड. आकडा वस्तूबरोबर जन्मतो आणि कितीही खेळलात तरी बदलत नाही. पण प्रत्येक स्किनला पूर्ण पट्टा मिळतोच असं नाही. एडब्ल्यूपी असिमोवचा फ्लोट ०.१८ च्या खाली नसतोच, म्हणजे तिची फॅक्टरी न्यू किंवा मिनिमल वेअर प्रत अस्तित्वातच नाही. हे ठाऊक झाल्यावर दोनच दिवसांनी एकाने मला ‘मिनिमल वेअर असिमोव, फक्त तुझ्यासाठी’ असा निरोप पाठवला. त्याच्याशी पुढे बोलायची गरजच उरली नाही. (दुसऱ्या टोकाला गंमत आहे : फ्लोट अगदी एकच्या जवळ गेला की दुर्बिणीचा भाग काळा पडतो, आणि तीच झिजलेली प्रत काही जण मुद्दाम शोधतात.)

किमतीत अजून एक खाच आहे. स्टीमच्या बाजारात काउंटर-स्ट्राइकची वस्तू विकली तर एकूण १५ टक्के कापले जातात, आणि आलेले पैसे स्टीमच्या वॉलेटमध्येच राहतात, बाहेर काढता येत नाहीत. म्हणून बाहेरच्या रोख बाजारात तीच वस्तू सहसा स्वस्त मिळते. समोरचा स्वतःच्या वस्तूला स्टीमचा भाव लावतो आणि तुमच्या वस्तूला बाहेरचा. यात खोटं काहीच नसतं, तरी तुम्ही बुडता. दोन्ही बाजूंना एकच तराजू लावायचा, एवढं मी वहीत लिहून ठेवलं.

मग माणूस शोधणं सुरू झालं. पहिला भेटला तो म्हणाला, ‘तुझ्या स्किन्स खऱ्या आहेत का ते या साइटवर तपासून घे.’ स्टीमच्या इन्व्हेंटरीत दिसणारी वस्तू खोटी असूच शकत नाही. ती तिथे आहे किंवा नाही. तरी मी उत्सुकतेने दुवा उघडला. लॉगिनची खिडकी आली, वर पत्ता अगदी बरोबर, कुलूपही होतं. ती खिडकी मी माउसने धरून ब्राउझरच्या बाहेर ओढायचा प्रयत्न केला. बाहेर येईना. खरी खिडकी वेगळी असते, कुठेही ओढता येते. ही पानावर रंगवलेलं चित्र होती, आणि तो पत्ताही त्या चित्राचाच भाग. उत्सुकतेनेसुद्धा तो दुवा उघडायला नको होता, हे मला आज पक्कं वाटतं.

दुसरा म्हणाला, मध्ये एक विश्वासू माणूस घेऊया, आधी दोघांनी वस्तू त्याच्याकडे द्यायच्या. स्टीमच्या ट्रेडमध्ये दोन्ही बाजू एकाच क्षणी बदलतात. तिथे मध्यस्थाला कामच नाही. जिथे काम नाही तिथे माणूस उभा करायचा आग्रह धरणाऱ्याशी मी व्यवहार करत नाही. ‘चुकून तुझ्यावर तक्रार केली, आता या अधिकाऱ्याशी बोल’ म्हणणाराही एक येऊन गेला. व्हॉल्व्हचे कर्मचारी स्टीमच्या चॅटवर येऊन तुमच्या वस्तूंबद्दल बोलत नाहीत. ब्लॉक केलं, पुढे गेले.

तिसरा खरा होता. २०१३ पासूनचं खातं, चाळिशीच्या वरची लेव्हल, घाई अजिबात नाही. त्याच्या असिमोवचा फ्लोट ०.२४ होता. माझ्या सहापैकी एक त्याच्याकडे आधीच होतं, ते बदलून दुसरं मागितलं. दोन दिवस बोलून सौदा ठरला, आम्ही एकमेकांना मित्रयादीत घेतलं आणि ऑफर त्याने पाठवायची असं झालं.

ऑफर आली. मी ती संगणकावर उघडून बघितली, सगळं बरोबर होतं. पाणी पिऊन आले आणि पुन्हा उघडायला गेले तर यादीत ऑफर होती, नाव तेच, फोटो तोच. माझी सहा स्किन्स एका बाजूला, दुसऱ्या बाजूला पांढरी-नारिंगी असिमोव. मी स्वीकारलं. फोनवर पक्कं करायचा पडदा आला.

तिथे मी थांबले ते केवळ त्या जुन्या तलवारीमुळे. एकदा बघितलेलं पुन्हा बघायचं, ही सवय मी तेव्हाच लावून घेतली होती. फोनवर वस्तूचं नाव वाचलं : पी२५० असिमोव. त्याच रंगाची, त्याच नावाची, पण पिस्तुलाची स्किन. किमतीत एडब्ल्यूपीच्या पासंगालाही पुरणार नाही. वर पाठवणाऱ्याची माहिती होती : लेव्हल तीन, खातं त्याच वर्षी उघडलेलं.

हात थरथरत होते, खरंच. रद्द केलं. आणि मग मला त्या माणसाचा राग आला, कारण मला वाटलं तोच चोर. सुदैवाने लिहिण्याआधी मित्रयादीतून त्याचं प्रोफाइल उघडलं. ऑफरमधल्या नावावर टिचकी मारून उघडलं असतं तर चोराचंच प्रोफाइल उघडलं असतं. मित्रयादीतल्याची लेव्हल चाळिशीच्या वर, खातं २०१३ चं. स्टीमवर कुणीही कुणाचंही नाव आणि फोटो लावू शकतो. वेगळा असतो तो फक्त १७ आकडी स्टीम आयडी. दोन्ही आयडी शेजारी ठेवले, जुळले नाहीत. तेवढ्यात त्याचाच निरोप आला : ‘ऑफर का नाकारलीस? काही बदलायचं आहे का?’

मी नाकारलीच नव्हती.

मी दादाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘तुझी एपीआय की कुणी काढली आहे का बघ.’ मला एपीआय की म्हणजे काय हेही धड माहीत नव्हतं. स्टीमवर तिचं एक पान असतं. कुठल्या प्रोग्रॅमला तुमच्या खात्याची काही कामं करता यावीत म्हणून ती चावी असते. सामान्य खेळाडूला तिची गरज नसते, ते पान रिकामं असायला हवं. माझ्या पानावर एक चावी होती, शेजारी मी कधी न ऐकलेल्या साइटचं नाव.

मग साखळी उलगडली. काही महिन्यांपूर्वी एका अनोळखी मित्राने ‘आमच्या टीमला मत दे’ म्हणून दुवा पाठवला होता. मी लॉगिन केलं, ऑथेंटिकेटरही तेव्हा नव्हतं. काही चोरीला गेलं नाही म्हणून विसरून गेले. चोराने त्या वेळी काहीच उचललं नव्हतं, फक्त चावी काढून ठेवली होती. पुढे मी पासवर्ड बदलला तरी चावी तशीच चालू राहिली. तिच्या आधारे त्याचा प्रोग्रॅम माझ्या ऑफर्स बघत बसला होता. मोठा सौदा दिसताच त्याने खरी ऑफर माझ्या वतीने नाकारली, समोरच्याचं नाव-फोटो उचललं आणि तशीच दिसणारी ऑफर पाठवली. त्या चावीने ऑफर नाकारता येत होती, पण फोनवरची शेवटची मंजुरी देता येत नव्हती. म्हणून त्याला माझा अंगठा हवा होता.

ज्याने हे कधी पाहिलं नाही त्याला ‘सावध राहा’ एवढं सांगून काही उपयोग नाही, असं मला तेव्हापासून मनापासून वाटतं. मी सावधच होते. फ्लोट तपासला, भाव तपासला, माणूस तपासला. माझंच खातं तपासायचं राहिलं.

त्या रात्री क्रम दादाने सांगितला तसाच ठेवला. आधी चावी रद्द. मग सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट. मग पासवर्ड बदलला, स्टीमचाही आणि त्याला जोडलेल्या ईमेलचाही. मग जुनी ट्रेड लिंक, म्हणजे जिच्यावरून अनोळखी माणूसही मला ऑफर पाठवू शकतो तो दुवा, मोडून नवी काढली. ब्राउझरमधली दोन नको असलेली एक्स्टेन्शन्सही उडवली. समोरच्या खेळाडूला सगळं खरं सांगितलं आणि माफी मागितली. तो चिडला नाही. त्याने स्वतःचंही पान तपासलं आणि ‘माझं रिकामं आहे’ म्हणून कळवलं.

पाच दिवस थांबून आम्ही पुन्हा केलं. या वेळी ऑफर मी पाठवली, माझ्या मित्रयादीतल्या त्याच्या प्रोफाइलवरून. पाठवल्याबरोबर त्याला विचारलं, किती ऑफर्स दिसतात? ‘एकच.’ फोनवरचा पडदा मी मोठ्याने वाचला : देतेय सहा, नावं अमुक अमुक. घेतेय एक, एडब्ल्यूपी असिमोव, फील्ड-टेस्टेड. लेव्हल, वर्ष. मग दाबलं. असिमोव आली. मार्च २०१८ पासूनच्या नियमाने ती सात दिवस पुढे कुणाला देता येणार नव्हती, पण मला कुठे द्यायची होती?

तेव्हापासून नियम बदलले आहेत. जुलै २०२५ पासून काउंटर-स्ट्राइकमध्ये ट्रेडनंतर वस्तू सात दिवस संरक्षित राहते आणि त्या मुदतीत फसवला गेलेला खेळाडू ट्रेड उलटवू शकतो. मात्र एकच ट्रेड निवडून उलटवता येत नाही, त्या सात दिवसांतले सगळे उलटतात, आणि उलटवणाऱ्याच्या खात्याला ३० दिवस ट्रेड बंद. माझ्यासारखीच्या हातून पी२५० स्वीकारली गेली असती, तरी आज ती वाचली असती. पण याच सोयीने नवा धोका आला आहे : बाहेर रोख पैसे घेऊन वस्तू द्यायची आणि सहाव्या दिवशी ट्रेड उलटवायचा. रोख व्यवहार तसेही बहुतेक गेमच्या अटींत बसत नाहीत आणि खातं जाऊ शकतं, म्हणून मी ते करतच नाही. पण वस्तूच्या बदल्यात वस्तू घेतली तरी आठवा दिवस उजाडेपर्यंत ती मी माझी धरत नाही, आणि तिच्या भरवशावर पुढचा सौदा बोलत नाही.

मावसभावाला मागच्या महिन्यात पहिला ट्रेड करायचा होता. त्याने मला स्किनचा फोटो पाठवून विचारलं, ‘ताई, भाव बरोबर आहे का गं?’ मी म्हटलं, भाव नंतर बघू, आधी ते एपीआयचं पान उघड. रिकामं होतं. मग आम्ही फ्लोट बघायला घेतला.