एका सहीसाठी अडलेले दोन ससे

शेल्टरमधल्या दोन सशांना, एक नर एक मादी, घर मिळवून द्यायचं मी फेब्रुवारीत अंगावर घेतलं आणि ते एका सहीपायी मे उजाडेपर्यंत लटकलं. अजून आठवलं की डोकं तापतं.

फोन खूप आले. बहुतेकांना एकच, पांढरं, लहान पिल्लू हवं होतं, मुलाच्या वाढदिवसाला. ससा 8-10 वर्षं जगतो म्हटलं की पलीकडे शांतता. जोडी तोडणार नाही, बाल्कनीतल्या पिंजऱ्यात ठेवायला देणार नाही, हे पहिल्याच वाक्यात सांगून टाका, वेळ वाचतो. मग कोथरूडचं एक जोडपं भेटलं. मी घर बघून आले, गुळगुळीत फरशीवर सशांचे पाय घसरतात म्हणून त्यांनी आधीच सतरंज्या अंथरलेल्या, सुकं गवत कुठून आणायचं तेही ठरवलेलं. मला तिथेच हो म्हणायचं होतं.

पण घर भाड्याचं, आणि शेल्टरला घरमालकाची लेखी परवानगी लागते. मालक फोनवर "ठेवा की" म्हणायचे, सही म्हटलं की "पुढच्या रविवारी बघू". असे 6 रविवार गेले. तोंडी चालवून घ्या म्हणून मी शेल्टरच्या ताईंशी भांडले. त्या म्हणाल्या, तोंडी परवानगीवर दिलेले ससे 11 महिन्यांचा करार संपला की परत येतात. खरं होतं, पण तेव्हा रागच आला. एप्रिलचं ऊन, ससे माझ्याकडे, मी गोठवलेल्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून त्यांच्याशेजारी ठेवतेय, त्यात एके दिवशी मादीने सकाळपासून काही खाल्लं नाही, लेंड्याही नाहीत. सशाने 10-12 तास खाल्लं नाही तर जिवावर बेततं, रात्रीच डॉक्टरकडे पळाले.

ती वाचली आणि दुसऱ्या दिवशी मीच मालकांच्या दारात. काका, नेमकी भीती कशाची वाटते? म्हणाले, वास, आणि आज दोन आहेत ते दिवाळीला वीस होतील. भीती चुकीची नव्हती, सशीण महिन्याभरात विते. मी दोघांच्या नसबंदीचे कागद समोर ठेवले, नसबंदी झालेले ससे बहुतेक वेळा ट्रेमध्येच सू करतात हेही सांगितलं. पाच मिनिटांत सही! इतके दिवस आमच्यापैकी कोणी त्यांना हे विचारलंच नव्हतं.

हो, एक राहिलं, नराचं ऑपरेशन झाल्यावरही महिना-दीड महिना त्याला मादीजवळ सोडू नका, तेवढ्यात पिल्लं होऊ शकतात.

मेमध्ये दोघांना सोडून आले. रात्री फोटो आला, मादी सोफ्याखाली पाय ताणून आडवी झोपलेली, नर तिला चिकटून.