‘ऑडिशन’ म्हणून तीनशे वाक्यं आली तर

डबिंगची ऑडिशन म्हणजे मिनिट-दोन मिनिटांचा मजकूर. एखादा प्रसंग, फार तर जाहिरातीच्या चार ओळी. त्याऐवजी एकमेकांशी काडीचा संबंध नसलेली तीनशे वाक्यं आली आणि सोबत ‘४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो, प्रत्येक वाक्याची वेगळी वेव्ह फाइल’ अशी सूचना असली, तर ती ऑडिशन नाही, डेटासेट आहे: संगणकाला तुमच्या आवाजात बोलायला शिकवण्यासाठीचा कच्चा माल. वाक्यं जरा निरखून पाहा: जोडाक्षरं, आकडे, ळ, ण, प्रश्न, सगळं मोजूनमापून पेरलेलं दिसेल. आवाजाची नुसती नक्कल करायला एवढंही लागत नाही. मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये दाखवलेल्या व्हॅल-ई या मजकूर वाचून बोलणाऱ्या एआय मॉडेलला तीन सेकंदांचा नमुना पुरत होता. पण दिवसभर न अडखळता बोलेल असा विकाऊ आवाज घडवायचा तर तासन्‌तासांचं स्वच्छ रेकॉर्डिंग हवं, आणि त्यासाठी कसलेला माणूसच बसवावा लागतो.

म्हणून हे काम नाकारा, असं मुळीच नाही. हिंदीवर पोसलेलं मॉडेल ‘ज्ञान’ला ‘ग्यान’ म्हणतं. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च त्याला एकच वाटतो. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, यांतल्या ज-मधला फरक लिपीत उमटतच नाही. तो तोंडातून ऐकूनच शिकावा लागतो. स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) पुस्तकं ऐकणाऱ्या दृष्टिहीन वाचकाला अशा चुका जास्त टोचतात. काम जरूर घ्या, फक्त डबिंगच्या दराने आणि डबिंगच्याच कागदावर नको.

कायद्याचा आधार आहे, पण तोकडा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३८ खाली कलाकाराला आपल्या सादरीकरणावर पन्नास वर्षं हक्क मिळतो. आवाजाला मात्र स्वतःचा कॉपीराइट नाही. क्लोन, म्हणजे तुमच्या आवाजाची संगणकाने केलेली नक्कल, नवंच वाक्य बोलतो, तेव्हा तुम्ही केलेलं सादरीकरण जसंच्या तसं उचललेलं नसतं, आणि घोडं तिथेच अडतं. गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या नकलांवर मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अंतरिम मनाई दिली, त्यात भर होता व्यक्तिमत्त्व हक्कांवर, म्हणजे नावलौकिकावर. आयव्हीआरवर (फोनवरच्या स्वयंचलित उत्तरयंत्रणेत) ‘एक दाबा’ म्हणणाऱ्या निनावी कलाकाराने तो लौकिक सिद्ध कसा करायचा? त्याच्या हातात करारच उरतो.

करारातली गोम एका ओळीत असते: ‘जगभर, कायमस्वरूपी, सर्व माध्यमांत, भविष्यातील तंत्रज्ञानासह’. ही ओळ खोडायला सांगा. गंमत अशी की, काहीच लिहिलं नाही तर कायदा कलाकाराच्या बाजूने झुकतो. कलम १९ नुसार मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरते दिले असं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. २०१२ च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये आणखी एक गोष्ट आली: करार झाला तेव्हा व्यवहारात नसलेलं माध्यम किंवा वापराचा प्रकार स्पष्ट नाव घेऊन लिहिल्याशिवाय हस्तांतरात येत नाही. कलम ३९अ मुळे ही दोन्ही कलमं कलाकारांच्या हक्कांनाही लागू होतात. जुने करार काढून तारखा बघा: आवाजाची अशी नक्कल तेव्हा व्यवहारात होती का?

खोडलेल्या ओळीच्या जागी हे घाला: ‘हे रेकॉर्डिंग फक्त वर नमूद केलेल्या कामासाठी आहे. त्यावरून मॉडेलला प्रशिक्षण देणे, आवाजाची प्रतिकृती किंवा कृत्रिम आवाज तयार करणे यास परवानगी नाही. त्यासाठी स्वतंत्र लेखी करार लागेल.’

त्या स्वतंत्र करारात मुदत, भाषा, चालणारे वापर आणि न चालणारे वापर (राजकीय प्रचार, कर्जवसुलीचे फोन) नावानिशी हवेत. तिसऱ्या कंपनीला आवाज द्यायचा तर पुन्हा विचारायचं, पुन्हा पैसे द्यायचे. ‘मुदतीनंतर डेटा नष्ट करू’ या वाक्यावर समाधान मानू नका. फाइल पुसली तरी शिकलेलं मॉडेल तसंच राहतं, आणि त्यातून एकच आवाज वेचून काढणं सोपं नसतं. म्हणून ‘या रेकॉर्डिंगवर घडवलेला आवाज व मॉडेल वापरातून बंद’ असे शब्द हवेत.

मोझिलाच्या कॉमन व्हॉइस या लोकांकडून आवाज गोळा करणाऱ्या खुल्या प्रकल्पाला मराठी वाक्यं वाचून देणं हे चांगलंच काम आहे. फक्त तिथला डेटा सीसी-झिरो परवान्याखाली खुला होतो: कुणीही, धंद्यासाठीसुद्धा, वापरू शकतो आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. आवाजावर पोट असेल तर आधी हे वाचा, मग माइक सुरू करा.