हवालदारकाका आणि झुआव्ह

मी टूर मॅनेजर, युरोपचे ग्रुप घेऊन जातो. अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियमला आमच्याकडे मोजून दीड तास, त्यात सूर्यफुलं, टॉयलेट, दुकान आणि परत बस. त्या दिवशी डोकी मोजली तर एक कमी. साताऱ्याकडचे रिटायर्ड हवालदारकाका. काकू म्हणतात असतील इथंच, त्यांना कुठं फुलांचं कौतुक.

सापडले ते 'झुआव्ह'समोर. 1888 च्या जूनमध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला व्हॅन गॉगनं रंगवलेला सैनिक, झुआव्ह म्हणजे अल्जेरियात उभी राहिलेली फ्रेंच पायदळाची पलटण. खरं सांगतो, ह्या चित्रापुढून मी ग्रुप पटकन पुढं काढायचो, रंग अंगावर येतात हो. लालभडक टोपी ती थेट हिरव्या दारावर, शेजारी नारिंगी विटा, निळ्या जॅकेटवर तांबूस वेलबुट्टी, कुणाचं कुणाशी जमत नाही.

काका म्हणाले, "मान बघितली का पोरा, खोंडाची हाय."

मी गारच. व्हिन्सेंटनं भावाला, थिओला, पत्रात हेच लिहिलंय ना, लहानसा चेहरा, बैलाची मान, वाघाचा डोळा! मग मी पण थांबलो आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं, लाल-हिरवा आणि निळा-नारिंगी असे विरुद्ध रंग मुद्दाम भिडवलेत म्हणून तर नजर हलत नाही, आणि ब्रश कुठं लपवलेला नाही, विटा म्हणजे सरळ फटकारे, वेलबुट्टी तर रंगानंच भरतकाम केल्यासारखी. ह्या निळ्याला त्यानं एनॅमलच्या पातेल्यांचा निळा म्हटलंय. चित्र त्याला स्वतःलाही भडक वाटलं होतं, तरी असलीच करत राहावीत असंही लिहिलंय. काकांना सांगितलं तर म्हणे, "मग! वर्दी लांबनं दिसाय नको?"

"नाव काय ह्याचं?"

म्हटलं पत्रात नाव नाहीये. झुआव्हांचाच एक लेफ्टनंट होता मिलिए, व्हिन्सेंटनंच केलेलं त्याचं पोर्ट्रेट इथंच नेदरलँड्समध्ये ऑटर्लोच्या म्युझियमला आहे, त्याचं नाव माहितीये.

"सायबाचं ऱ्हाणारच," काका म्हणाले, आणि तरी हलेनात.

बस वीस मिनिटं लेट सुटली, सगळ्यांच्या शिव्या मी खाल्ल्या. काका मागच्या सीटवर डायरी काढून विचारत होते, झुआव्ह कसं लिहायचं रे.