संडास किती आहेत ते सांगा

रविवारी सकाळी साडेसातला आम्ही पाच जण तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जमतो. पोहे हे निमित्त. खरं काम म्हणजे शनिवारी रात्री पाहिलेल्या फुटबॉलची चिरफाड. पाचांपैकी एकानंही इंग्लंड पाहिलेलं नाही, दोघांकडे तर पासपोर्टही नाही. पण ल्युटन गावातल्या ओक रोडवर पाहुण्या टीमच्या लोकांनी कुठून आत शिरायचं, ते आम्ही झोपेतही सांगू. आमच्या नागपूरच्या धंतोलीत एखादा पत्ता विचारा, दोन मतं निघतील. ल्युटनबद्दल निघणार नाहीत.

हे लफडं सुरू झालं २०२३ च्या मे महिन्यात. नवतपा लागून तिसरा दिवस होता. ल्युटन आणि कोव्हेन्ट्री यांच्यातला प्ले-ऑफचा अंतिम सामना आमच्या हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून पाहिला. जिंकेल तो प्रीमियर लीगमध्ये जाणार. ल्युटन नऊ वर्षांआधी पाचव्या पायरीवर खेळत होतं, आणि सगळ्यात वरच्या पायरीवर ते शेवटचं दिसलं होतं १९९२ मध्ये. कुलरच्या आवाजात कॉमेंट्री ऐकू येईना. १-१ वर गाडी अडली आणि पेनल्टी लागल्या, तेव्हा गुरुजी उठले आणि त्यांनी कुलर बंद केला. नागपुरात मेमध्ये रात्री कुलर बंद करणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. घामाच्या धारा लागल्या होत्या, पण कोणी हूं की चूं केलं नाही. कोव्हेन्ट्रीचा शेवटचा फटका बारवरून गेला. ६-५. मग पाचही जण कुलरसमोर जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी पोह्यावर मेडिकलवाल्यानं मोबाइलवर एक फोटो दाखवला. एकमेकांना चिकटून उभी असलेली विटांची दुमजली घरं. मधल्याच एका घराच्या जागी फाटक. त्या फाटकातून आत शिरायचं, लोखंडी जिना चढायचा. जिन्यावरून खाली लोकांची परसं दिसतात, दोरीवर वाळत घातलेले कपडे दिसतात. वर पोचलात की समोर हिरवं मैदान. याचं नाव केनिलवर्थ रोड. १९०५ पासून ल्युटनचं घर.

"हे का स्टेडियम आहे बे? आमच्या महालातल्या वाड्याचं मागचं दार दिसून राहिलं हे."

"मग काय झालं? तुझ्या वाड्यात गणपतीला जायचं तर दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातून जावं लागे नं?"

"जावं लागे. पण आम्ही मँचेस्टर युनायटेडला बोलावत नव्हतो."

इथून जो वाद पेटला तो पुढचे सहा-सात रविवार चालला. बसायला जागा १०,३५६. प्रीमियर लीगच्या आजवरच्या इतिहासात एवढं लहान मैदान आलं नव्हतं. एका बाजूला तर जागा इतकी चिंचोळी की तिथं प्रेक्षकांच्या स्टँडऐवजी काचेच्या केबिनांची नुसती ओळ होती. टीव्हीच्या कॅमेऱ्यांना जागा पाहिजे, दिवे पाहिजेत, पत्रकारांना खोली पाहिजे. सुमारे १ कोटी पौंड लागतील असा अंदाज निघाला. उन्हाळाभर तिथं ठोकाठोक चालली होती. तरी वेळेत आटपलं नाही आणि बर्नलीविरुद्धचा घरचा पहिलाच सामना पुढे ढकलावा लागला. मांडव उभा राहिला नाही म्हणून लग्नाची तारीख बदलावी, तसं. शेवटी १ सप्टेंबरला वेस्ट हॅम आलं आणि २-१ नं जिंकून गेलं.

मी आणि गुरुजी जुन्या मैदानाच्या बाजूनं. मेडिकलवाला विरुद्ध. बँकवाला ज्याचे पोहे खाईल त्याच्या बाजूनं. आमचे मुद्दे, खरं सांगायचं तर, भावनेचे होते. मैदान लहान असलं की आवाज कोंडतो, पाहुण्यांचे पाय लटपटतात, थ्रो-इन घेणाऱ्याच्या कानात शिवी घालता येते. आकड्यांचाही आधार होता. मुंबई सिटी आयएसएलमध्ये ज्या अंधेरीच्या मैदानावर खेळते, तिथं दहा हजारही मावत नाहीत. तरी ती देशातली वरची लीगच ना? आणि जिथं चौऱ्याहत्तर हजार बसतात त्या ओल्ड ट्रॅफर्डचं छप्पर तर आमच्या आजोळच्या कवेलूच्या घरासारखं गळतं. याच्या उलट मेडिकलवाल्यानं पंजाबचं उदाहरण फेकलं. खालची आय-लीग जिंकून ती टीम आयएसएलमध्ये चढली आणि घरचे सामने खेळायला गेली दिल्लीला! आपण वर गेलो आणि आपलं मैदान खालीच राहिलं, तर त्या चढण्याचा आपल्याला काय उपयोग, असं गुरुजींचं म्हणणं.

ओव्हरसियर काका या सगळ्यात गप्प होते. पीडब्ल्यूडीत जन्म गेला, रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण अजून कोणत्याही इमारतीत शिरले की आधी छताचा कोपरा पाहतात. तर्रीतले चणे चमच्यानं बाजूला सारत ते एवढंच म्हणाले, "ते आवाज-बिवाज जाऊ द्या. संडास किती आहेत ते सांगा."

आम्ही हसलो. मेडिकलवाल्याला तर ठसकाच लागला.

काका हसले नाहीत. पुढच्या रविवारी ते तयारी करून आले. म्हणाले, मैदानाची क्षमता खुर्च्या मोजून ठरत नाही. किती लोक आत येऊ शकतात, किती मावतात, किती ठरल्या वेळात बाहेर पडू शकतात, हे वेगवेगळं काढायचं आणि त्यातला सगळ्यात लहान आकडा धरायचा. इंग्लंडात बाहेर पडायचा हिशेब आठ मिनिटांचा आहे. "म्हणजे खुर्च्या लाख असू द्या. दार एकाच झडपेचं असेल तर तुमचं स्टेडियम एकाच झडपेचं."

मग त्यांनी ब्रॅडफर्डचं सांगितलं. ते मी आधी कुठंतरी वाचलं होतं, पण काकांच्या तोंडून, रिकाम्या प्लेटकडे बघत ऐकताना वेगळं वाटलं. ११ मे १९८५. ब्रॅडफर्ड सिटीनं तिसऱ्या डिव्हिजनचं विजेतेपद पटकावलेलं, सामन्याआधी ढाल हातात मिळालेली, गाव खुशीत. मुख्य स्टँड १९११ सालचा, लाकडी. वरच्या डिव्हिजनमध्ये जायचं म्हणून तो बदलायचं ठरलं होतं, लोखंडही मागवून झालं होतं. पहिला हाफ संपायला काही मिनिटं असताना फळ्यांच्या खाली धूर दिसला. चारेक मिनिटांत अख्खा स्टँड पेटला. मागची दारं बंद होती. ५६ माणसं गेली. फळ्यांच्या फटींतून वर्षानुवर्षं खाली पडलेला कचरा तिथं साठला होता; त्यात १९६८ सालचं वर्तमानपत्र सापडलं.

सतरा वर्षं जुनं वर्तमानपत्र. मला एकदम यशवंत स्टेडियम आठवलं.

शाळेत असताना आम्ही तिथं लीगचे सामने बघायला जायचो. कामठीची टीम असली की सायकली, लुना, स्कूटर यांची रांग लागायची. मोमिनपुऱ्याची पोरं एका बाजूला, रेल्वेवाले दुसऱ्या. दुपारभर तापलेल्या सिमेंटच्या पायऱ्या पँटीतून चटका द्यायच्या, म्हणून प्रत्येक जण वर्तमानपत्राची घडी घेऊनच यायचा. ती बुडाखाली घालायची, शेंगदाण्याची टरफलं आजूबाजूला टाकायची आणि सामना संपला की पेपर तिथंच सोडून निघायचं. आमची पायरी सिमेंटची होती, ब्रॅडफर्डची लाकडाची. फरक तेवढाच. आज यशवंत स्टेडियम म्हटलं की नागपूरकराला फुटबॉल आठवत नाही. हिवाळी अधिवेशनातले मोर्चे आठवतात, जे तिथून निघतात आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडवले जातात. ते पाडून नवं बांधायच्या गोष्टी मी इतकी वर्षं ऐकत आलोय की माझ्या डोक्यात ते दोनदा बांधूनही झालंय.

आणि आपल्या गावाला ब्रॅडफर्ड लांबचं वाटायचं कारण नाही. २६ नोव्हेंबर १९९५. सिव्हिल लाइन्सचं जुनं क्रिकेट मैदान, न्यूझीलंडविरुद्धचा एकदिवसीय सामना. तिकीट मिळालं नाही म्हणून मी दिवसभर घरात फुगून बसलो होतो. टीव्हीवर अ‍ॅस्टलचं शतक बघून अजूनच चिडलो. स्टँडची भिंत कोसळून माणसं दबली, हे संध्याकाळी शेजारच्यांकडून कळलं. आईनं मला काही म्हटलं नाही, फक्त ताट वाढताना भात दोनदा वाढला. एवढं होऊनही सामना पूर्ण झाला होता. आपण हरलो होतो. त्या रात्री हरल्याचं दुःख करावं की नाही, ते कळत नव्हतं, हे अजून आठवतं.

पुढे २००८ पासून मोठे सामने जामठ्याला गेले. तिथं सगळं मापात आहे. पंचेचाळीस हजार माणसं बसतात आणि सामना संपल्यावर तितकीच वर्धा रोडवर गाडीत बसून राहतात. मला ते मैदान आवडत नाही, पण तिथं लेकीला न्यायला मी घाबरत नाही. या दोन वाक्यांच्या मध्ये कुठंतरी माझा ल्युटनचा मुद्दा ढिला पडला. गुरुजींना अजून सांगितलेलं नाही.

लेकीचं सांगायचं राहिलं. ती चौदा वर्षांची आहे, लेफ्ट बॅक खेळते, माझ्याहून चांगली. तिचे सामने ज्या मैदानावर होतात त्याचं नाव सांगत नाही. नागपुरात अशी चार-पाच आहेत, तुम्ही तुमचं धरून चाला. एका बाजूला कडुनिंबाची रांग, दुसऱ्या बाजूला जुनी विटांची भिंत, गोलच्या मागे चहाची टपरी. पाच पावलांवर खेळ. या मैदानाला जीव आहे, असं मी येईल त्याला सांगायचो. चार वर्षं सांगत होतो.

मागच्या फेब्रुवारीत सामन्याच्या दिवशी मी तिला म्हटलं, "पाणी पी नं, ऊन वाढून राहिलं." ती म्हणाली, "नको बाबा." दर सामन्याला हेच चालायचं. मला वाटे, दडपण असेल. मोठ्या खेळाडूंनाही असतं म्हणतात. संध्याकाळी बायकोनं सांगितलं. तिथं मुलींसाठी काही सोयच नाही. एक खोली आहे, तिला कुलूप आहे आणि किल्ली कोणाकडे असते ते कोणालाच ठाऊक नाही. म्हणून टीमच्या सगळ्या पोरी सामन्याच्या दिवशी सकाळपासून पाणी पीत नाहीत. घरी येऊन पितात. नागपूरच्या उन्हात, सत्तर मिनिटं धावून, घरी येऊन.

मला कधी दिसलं नाही, कारण मला कधी लागलं नाही. त्या विटांच्या भिंतीच्या मागच्या बाजूला आम्हा बापमंडळींची सोय वर्षानुवर्षं होतीच. मैदानाचा जो जीव मी सांगत होतो, त्याचा थोडाफार वासही तिकडूनच येत असावा.

तो रविवार मी पोह्यावर जरा उशिरा गेलो. ल्युटन तोवर उतरणीला लागलं होतं. वरच्या लीगमध्ये एकच वर्ष टिकलं, पुढच्याच वर्षी आणखी एक पायरी घसरलं. पण त्या एका वर्षात केनिलवर्थ रोडवर लिव्हरपूलला १-१ वर रोखलं, ब्रायटनला चार गोल मारले, आणि आर्सेनलनं ४-३ नं सामना जिंकला तो सत्त्याण्णवाव्या मिनिटाला. गुरुजी हे सगळं पुन्हा एकदा सांगत होते. मी काकांना बाजूला घेऊन विचारलं, "काका, लेकीच्या मैदानावर एकदा येता का?"

पुढच्या शनिवारी सगळेच आले. बँकवाल्यानं घरून छत्री आणली होती. गुरुजी टपरीपाशी रमले, ल्युटनपेक्षा हे मैदान भारी आहे असं पाच मिनिटांत जाहीर करून मोकळे झाले. काका मैदानाकडे बघेनात. ते भिंतीपाशी गेले. आधी लांबून तिची रेघ पाहिली, एक डोळा मिटून. मग जवळ जाऊन एका सांध्यात अंगठा घातला. चुन्याचा भुगा नखावर आला. खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि तिच्या टोकानं भिंतीवर तीन ठिकाणी ठोकलं, दर वेळी कान देऊन. तिसऱ्या ठिकाणचा आवाज मलाही वेगळा वाटला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

काकांनी किल्ली खिशात टाकली. भिंतीला टेकवून ठेवलेली मुलींची किटबॅग उचलली, मग दुसरी, मग तिसरी, आणि एकेक करून कडुनिंबाखाली नेऊन ठेवू लागले. मेडिकलवाला काही न विचारता त्यांच्या मागे गेला. मी मैदानाकडे पाहिलं. लेक डाव्या बाजूनं पुढे सरकत होती, आणि त्या लाइनीवरून भिंत पाच पावलं.

"थ्रो-इन त्या बाजूनं घेऊ नका म्हणावं," काका म्हणाले. "अन् ती कुलपाची किल्ली कोणाकडे असते, त्याचं नाव काढा. मी बसलोय इथं."