वहीतलं कॉम्प्रेशन : आमच्या गॅरेजची वाटचाल

बाबांनी 1988 साली बडोद्यात, प्रतापनगरला पत्र्याच्या शेडखाली गॅरेज काढलं. तेव्हा कामाला यायच्या त्या फियाट आणि ॲम्बेसेडर. आज ना उद्या रिंग-पिस्टनचं काम निघणारच, हे गिऱ्हाईकही धरून चालायचं आणि मिस्त्रीही. बोअर करायला, म्हणजे सिलेंडर आतून कोरून नीट करायला, इंजिनचा ब्लॉक मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) लेथवर जायचा. मी शाळेतून आलो की तो हातगाडीवर चढवायला मदत करायचो. मग मारुती 800 वाढल्या, इंजिन उघडायची कामं कमी झाली आणि आम्ही सर्व्हिसिंगवर जगायला लागलो.

गॅरेज खऱ्या अर्थाने बदललं ते 2006 साली, एका चुकीमुळे. रावपुऱ्यातले एक काका पाच वर्षांची गाडी घेऊन आले. पिकअप गेला होता, चढावर गाडी दम टाकायची. मी चालवून पाहिली आणि सांगून टाकलं, पिस्टनभोवती दाब अडवणाऱ्या रिंगा गेल्या. इंजिन उघडलं, नव्या रिंगा घातल्या, परत बांधलं. गाडी होती तशीच. दोन दिवसांनी लक्षात आलं की धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोक झालाय, धुराला बाहेर पडायला वाटच नाही. इंजिनात काही बिघाड नव्हता. काका काही बोलले नाहीत. बाबांनी मात्र मजुरी आणि रिंगांचे पैसे त्यांच्या घरी नेऊन दिले आणि मला कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजायचं गेज आणायला पाठवलं.

तेव्हापासून आमच्याकडे एक वही आहे. नेहमीच्या गाडीचं वर्षातून एकदा प्रत्येक सिलेंडरचं कॉम्प्रेशन घ्यायचं आणि लिहून ठेवायचं. आकडा कमी आला तर त्या सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर, म्हणजे सिलेंडरची आतली भिंत, झिजलाय. नाही चढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेडखालचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाखालचं, गॅस्केट गेलंय. दहा मिनिटांचं काम, पण त्यावर गिऱ्हाइकाचे हजारो रुपये वाचतात.

वहीने आम्हाला जे शिकवलं ते मी प्रत्येकाला सांगतो. गाडी ‘म्हातारी झाली’ असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा इंजिन म्हातारं झालेलं नसतं. एअर फिल्टर भरलेला असतो, प्लग खाल्लेले असतात, इंजेक्टर घाण झालेले असतात, क्लच सरकत असतो, कधी तर मागचा ब्रेकच धरून बसलेला असतो. हे सगळं परत मिळवता येतं. बोअरची झीज तेवढी भरून येत नाही, आणि ती किती वेगाने होणार ते बऱ्याच अंशी मालकाच्या हातात असतं.

ही झीज नुसत्या किलोमीटरवर मोजता येत नाही. रोज घरापासून शहरातल्याच मांडवीपर्यंत जाऊन येणारी गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटरही चालत नाही, पण तिचं ऑइल कधी पुरतं तापतच नाही. आत साचलेलं पाणी आणि कच्चं पेट्रोल उडून जात नाही, ऑइल आंबट होतं. त्याच वर्षात अहमदाबाद-सुरत करणाऱ्या गाडीचं इंजिन आतून जास्त स्वच्छ निघतं. म्हणून गाडी कमी चालणाऱ्यांना मी हट्टाने सांगतो, किलोमीटर झाले नसले तरी वर्षाला ऑइल बदला. दुसरा हट्ट रेडिएटरचा. त्यात बोअरवेलचं पाणी ओतू नका. क्षार आत थर धरतात आणि मे महिन्यात इंजिन तापतं. एकदा हेड वाकलं की वीस वर्षांची काळजी एका दुपारी वाया जाते.

सीएनजीवाल्यांसाठी वहीत वेगळा रकाना आहे. गॅस कोरडा, त्यामुळे धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट, म्हणजे तो टेकतो ती कडा, लवकर खचते. व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली जागा, कमी होते आणि गरम इंजिनात व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही. फट वेळेवर तपासली तर सेटिंगवर भागतं, नाहीतर हेड उतरवावं लागतं.

गेल्या वर्षी दांडिया बाजारातल्या एका डॉक्टरांची 1998 ची मारुती 800 आली. 2 लाख 40 हजार किलोमीटर झालेले. वहीत तिची अठरा वर्षांची नोंद, तिन्ही सिलेंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ आणि पहिल्या नोंदीपेक्षा दाब जेमतेम अर्धा किलो (दर चौरस सेंटिमीटरला) खाली. सकाळी स्टार्ट करताना मात्र निळा धूर टाकायची, आणि हेड गॅस्केटमधून ऑइल पाझरत होतं. हेड उतरवलं. बोअरवर कंपनीत होनिंग करताना, म्हणजे आतून घासताना, पडलेल्या तिरप्या रेघा अजून दिसत होत्या. बाबा आता गॅरेजवर फारसे येत नाहीत. त्यांना मुद्दाम बोलावून आणलं. त्यांनी बोअरच्या कडेवरून नख फिरवलं. वरच्या रिंगेपाशी खाच लागते का ते ते असंच बघतात. फारशी लागली नाही.

व्हॉल्व्हपाशी ऑइल अडवणारे रबरी सील मात्र प्लास्टिकसारखे कडक झाले होते, निळा धूर त्यामुळेच. रबराचं हे असंच. वेळेवर ऑइल बदलून त्याचं वय लांबतं, थांबत नाही. सहाही सील, गॅस्केट, टायमिंग बेल्ट आणि कूलंटचे होज बदलले. रिंगांना हात लावला नाही. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरांसमोर गाडी स्टार्ट केली. धूर आला नाही. मी नवा आकडा वहीत लिहिला आणि चावी त्यांच्या हातात दिली.